तिसऱ्या दिवशीची खाट

उदगीर मागे पडलं होतं. मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि मागे एक लोखंडी खाट प्रत्येक खड्ड्याला खडखडत होती. तेवढ्यात सलीमचा फोन आला. "सर, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कधी?" जणू वेळ कळली असती तर मला काही करता येणार होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मग आता परत फिरू का?" गाडी देगलूरकडे जातच राहिली.

सलीमचे अब्बा म्हणजे हमीदभाई. देगलूरच्या बसस्थानकामागे त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. मी तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नवा लागलो होतो. स्कूटरचा स्टँड जोडून घ्यायला त्यांच्याकडे गेलो आणि आमच्या सेवाक्लबचा सभासद होऊन परतलो. "रविवारी मोकळेच असता ना सर? मग डोळ्याच्या शिबिराला या. लई काही न्हाई, म्हाताऱ्यांना हात धरून आत न्यायचं." नाही म्हणायची सोय त्यांनी ठेवलीच नव्हती.

लातूरकडच्या भूकंपानंतर सेवाक्लबांचे दोन प्रांत, आमचा नांदेडकडचा आणि शेजारचा लातूरकडचा, पहिल्यांदा खांद्याला खांदा लावून राबले. हातपाय मोडलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर पडलेली हमीदभाईंनी पाहिली, परत आले आणि दुकानातलं बाकीचं काम बंद ठेवून खाटा करायला बसले. डोक्याकडची बाजू वर उचलता येईल अशा, खिट्टी काढली की दुमडून टेम्पोत मावतील अशा. माणसं बरी झाली तसतशा त्या खाटा परत आल्या, आणि त्यातून क्लबची खाटांची खोली उभी राहिली. देगलूर-बिलोलीकडच्या कुणाच्याही घरात कुणी अंथरुणाला खिळलं की हमीदभाईंचं दार वाजवायचं आणि खाट न्यायची. अर्ज नाही, ओळख नाही. माणूस उठून चालायला लागला की ते खाटेच्या पायावर वेल्डिंगचा एक ठिपका उमटवायचे. खाट दाखवताना तेच ठिपके दाखवून म्हणायचे, "बघा, इतके जण उठले ह्याच्यावरून."

पण सगळेच काही उठत नसत. अशा घरी ते माणूस गेल्याच्या तिसऱ्या दिवशी स्वतः जायचे, कुणी बोलावण्याची वाट न बघता. मी एकदा सोबत गेलो होतो. त्यांनी पाणी मागितलं, बसून सावकाश प्याले, मग उठून खिट्टी काढली, खाट दुमडली आणि खांद्यावर घेतली. सांत्वनाचा एक शब्द नाही. परतताना मी म्हटलं, घरच्यांनी आणून दिली असती की. "न्हाई सर. रिकामी खाट घरात दिसत राहिली की माणसं तिच्याकडेच बघत बसतात. आणि उचलून दारात ठेवायची म्हटलं तर हात होत न्हाई. ते परक्यानंच करायचं काम हाय."

पुढे लातूरच्या क्लासेसचं वारं सुटलं. घराघरातल्या मुलांना डॉक्टर करायचं होतं. आया मुलांसोबत खोली करून लातूरला राहायला लागल्या, मागोमाग बापही गेले, आणि आमच्या क्लबच्या बैठकीला खुर्च्या उरायला लागल्या. सगळ्यात आधी गेलो तो मी. कॉलेज सोडून लातूरला क्लासमध्ये शिकवायला लागलो. हमीदभाई हसून म्हणाले होते, "जावा सर, पण इकडचं दार विसरू नका." मी विसरलो नव्हतो. त्याहून वाईट वागलो.

काही वर्षांनी दोन्ही प्रांतांच्या विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली. मसुदा लिहिणाऱ्या समितीत मी होतो. सभासद कमी झालेल्या क्लबचं साहित्य लातूरच्या मध्यवर्ती केंद्रात जमा करावं, हे कलम माझ्या हातचं. नव्या प्रांतात मला सचिवपद मिळणार होतं, हेही इथे लिहून टाकतो. सभेत हमीदभाई उभे राहिले. "देगलूरच्या माणसाला खाट लागली तर त्यानं कुणाचं दार वाजवायचं, तेवढं सांगा." व्यासपीठावरून उत्तर आलं की अर्ज मोबाइलवरून करता येईल. काही जण हसले. मग ठरावाला अनुमोदन हवं होतं आणि मी हात वर केला. हमीदभाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही... रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांच्या खाटा लातूरला आल्या आणि केंद्रात जागा नाही म्हणून क्लासच्या मुलांसाठी प्रांतानंच चालवलेल्या वसतिगृहात लागल्या. ठरावही माझाच.

या उन्हाळ्यात हमीदभाईंना पक्षाघात झाला. भाभींचा फोन आला, "सर, ह्यांना कूस बदलता येत न्हाई. खाली पडून पाठ सोलून निघून राहिली. एखादी खाट मिळंल का?" आणि मी, त्यांच्या घरी शंभरदा जेवलेला माणूस, म्हणालो, "सलीमला अर्ज करायला सांगा, मी बघतो." नवी खाट विकत घेऊन त्याच दिवशी पाठवता आली असती. पण मी केंद्राच्या उत्तराची वाट बघत राहिलो. नियम माझा होता आणि तो चालतो हे मला दाखवायचं होतं. क्लासच्या मुलांची परीक्षाही तोंडावर होती. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: सध्या उपलब्ध नाही. तेव्हा कुठे मी वसतिगृहात गेलो, कुणालाही न विचारता एक खाट उचलली आणि टेम्पोत टाकली.

पोचलो तेव्हा दारात माणसं जमली होती. हमीदभाई जमिनीवर होते, चादर ओढलेली. खाट अंगणात उतरवली तेव्हा तिचा आवाज झाला आणि सगळे वळून बघायला लागले. भाभी म्हणाल्या, "आता ही कुठं ठेवू, सर?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जागा सुचत नव्हती.

तिसऱ्या दिवशी, कबरीवर दुवा मागायच्या जियारतीच्या दिवशी, मी पुन्हा गेलो. पाणी मागितलं. प्यालो. खाट अंगणात होती तशीच होती, तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं. खिट्टी मला निघेना. सलीमनं पुढे होऊन काढून दिली. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, ते जमलं नाही. भाभी म्हणाल्या, "घेऊन जावा. ते असते तर त्यांनीच नेली असती."

प्रांताच्या बैठकीत शोकप्रस्ताव झाला, दोन मिनिटं उभं राहणं झालं आणि पुढचा विषय निघाला. मी सचिवपद सोडलं. त्यानं कुणाचं काही अडलं नाही. खाट लातूरला माझ्या घरी, दारामागे दुमडून उभी आहे. वसतिगृहात परत नेववत नाही आणि देगलूरची खोली आता बंद आहे. जाता-येता तिच्या पायावरचे ठिपके हाताला लागतात. बायको म्हणते, हिचं काहीतरी करा. तीन दिवस कधीच उलटले, आठवडेही उलटले... तिला न्यायला कुणी येत नाही.