कातरलेल्या केसांची बाहुली

दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून अख्खी गल्ली वहिनी म्हणायची. तिच्याहून वयाने मोठा असलेला समोरचा शिंपीसुद्धा. खेळण्यांच्या दुकानात पुढे काचेजवळ दीर बसायचा, चावीवर टाळ्या वाजवणारी माकडं विकत. मागे, जिन्याखालच्या कोपऱ्यात वहिनीचं टेबल. त्यावर सुटे हात, सुटे पाय आणि डबीभर डोळे. नवं गिऱ्हाईक डबी उघडून दचकलं, की वहिनी म्हणायची, "घाबरू नका. ते तुमच्याकडे बघत नाहीत, आपापल्या बाहुल्या शोधताहेत."

नवरा होता तेव्हा दोघं मिळून जुन्या बाहुल्या दुरुस्त करायचे. तो गेल्यावर दिराला वाटलं, आता वहिनी घरी बसेल. वहिनी बसली, पण टेबलाशीच. नियमही जुनाच ठेवला: बाहुली जिची, तिला विचारल्याशिवाय सुई लावायची नाही. "डॉक्टर पेशंटलाच विचारतो ना, कुठे दुखतंय? शेजाऱ्याला नाही विचारत."

एके दिवशी दिराने तिच्यापुढे एक खोकं ठेवलं.

"मोठं गिऱ्हाईक आहे, वहिनी. आईच्या वाढदिवसाला तिची लहानपणची बाहुली नवीकोरी करून हवीय. लांब कुरळे केस, गुलाबी झगा. मी शब्द दिलाय."

वहिनीने बाहुली बाहेर काढली. चिनीमातीचं डोकं, कागदाच्या लगद्याचं अंग. आतलं इलॅस्टिक सैल झाल्याने एक हात लुळा लोंबत होता. डोक्यावर घट्ट टोपी. टोपीखाली जेमतेम बोटभर केस.

"कसर लागली असेल," दीर म्हणाला.

"कसर अशा पायऱ्या पाडून खात नाही, भावोजी. हे कात्रीने कापलेत. कापणारीचा हात एवढासा होता. मी तिला विचारल्याशिवाय केस लावणार नाही."

"अहो, सरप्राइज आहे ते! विचारलं तर कसलं सरप्राइज? मी शब्द दिलाय म्हटलं ना!"

"शब्द तुम्ही दिलाय, तर केसही तुमचेच द्या."

दिराचा हात नकळत टकलावरून फिरला. मग त्याचा आवाज चढला. "हे गिऱ्हाईक परत गेलं ना, तर हा कोपरा मी रिकामा करणार. सायकली ठेवायला जागा नाही मला इथे."

आधीही तो असं बोलला होता, पण हसत. आज हसला नाही. हे टेबल गेलं, की ती नुसती कुणाची तरी वहिनी उरणार होती. तरी तिने बाहुलीला टोपी घातली आणि खोकं बंद केलं. "त्या गिऱ्हाइकाला निरोप द्या. आईला घेऊन या म्हणावं."

निरोपाची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी दारात काठी आपटली.

"कुठाय ती?" एक म्हातारी आत शिरली. मागे तिचा मुलगा, पकडलेल्या चोरासारखा. "माझं कपाट उघडतो! माझी बाहुली पळवतो! एवढा घोडा झालाय, तरी मार खाणारेय माझ्या हातचा."

"आई, अगं, सुंदर करून देणार होतो तिला."

"ती सुंदरच आहे!"

वहिनीने खोकं पुढे सरकवलं. "आजी, हिचे केस कुणी कापले?"

"मी." म्हातारीने बाहुलीची टोपी काढून फेकली. "तापात माझे केस कापले होते. शाळेत टोपी घालून जायचे, तर पोरं टोपी ओढायची. मग एका सकाळी हिचेही कापले. म्हटलं, चल गं, दोघी जाऊ. टोपीशिवाय. जो हसला त्याच्या बाकावर हिला नेऊन बसवलं. म्हटलं, बस आता हसत."

"मग आता काय करू हिचं?"

"हात तेवढा बसव. बाकी कुणी बोट लावायचं नाही."

वहिनीने नवं इलॅस्टिक आकडीने अंगातून ओढलं, दोन्ही खांदे ताणून जोडले. मग नेहमीची परीक्षा घेतली: हात वर उचलला आणि सोडला. पडला नाही. उचलला तिथेच राहिला.

"झालं?" दीर आला. "ना केस, ना झगा. करा कोपरा रिकामा."

"करते," वहिनी म्हणाली. "अहो, शिंपीदादा! जरा हात लावता का?"

शिंप्याने एक बाजू धरली, म्हातारीच्या मुलाने दुसरी. टेबल निघालं. दीर दार उघडून उभा राहिला. पण टेबल दाराकडे वळलंच नाही. थेट काचेपाशी जाऊन थांबलं.

"अहो, इथे माझी माकडं आहेत!"

"मागे ठेवा. कोपरा रिकामा झालाय."

"वहिनी, दुकान माझं आहे!"

"दुकान दोघा भावांनी काढलं, भावोजी. तुमच्या भावाचा वाटा जिन्याखालीच आहे, असं कुणी ठरवलं? मीही आजवर विचारलं नाही, हा माझा गाढवपणा. बोला, कुणी ठरवलं?"

दिराने शिंप्याकडे पाहिलं. शिंपी एकदम टेबलाचा पाय न्याहाळू लागला.

म्हातारीने बाहुली काचेत बसवली. "वाढदिवसापर्यंत राहू दे इथे. अशीच." आणि टोपी उचलून पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी शाळेतून परतणारी पोरं काचेला नाकं लावून उभी होती. जिन्याखालून माकडांच्या टाळ्यांचा आवाज आला, मग दिराचा. "वहिनी, इथे फार अंधार आहे हो!"

"माहीत आहे, भावोजी," उजेडात सुई ओवत वहिनी म्हणाली.