हार्मनची स्प्रिंग

हार्मन वोल्टहाउसला मी बारा वर्षं कॉफी देतेय. 'मला माहीत नाही' हे तीन साधे शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. विन्स्खोटेन या आमच्या डच गावच्या सभागृहात महिन्याच्या पहिल्या शनिवारी लोक मोडक्या वस्तू आणतात आणि हौशी मंडळी त्या फुकट दुरुस्त करतात. नियम एकच, मालकाने शेजारी बसून हातभार लावायचा. आपल्याला श्रोता मिळावा म्हणूनच हा नियम झालाय, अशी हार्मनची समजूत. तीस वर्षं त्याने नगरपालिकेचे टाइपरायटर सांभाळले. ते भंगारात गेले, ह्याचा रुबाब तेवढा मागे राहिला. टेबलावर स्वतःच्या नावाची पाटी ठेवणारा आमच्यात तो एकटाच.

परवा रूली हाउझिंग आली, सोबत नवरा याप. पक्षाघाताने तिची वाचा आणि उजवा हात गेला, तेव्हापासून ती लॅपटॉपवर लिहून बोलते. त्याचं 'ई'चं बटण निघालं होतं, आणि त्याशिवाय डचमध्ये एक वाक्य धड होत नाही. तिला पुन्हा शाळेच्या ग्रंथालयात कामावर घ्यायचं का, हे सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. तिथे तिला स्वतःचं म्हणणं मांडायचं होतं.

हार्मनने यापला विचारलं, "काय सांडलं हिने?"

"तिला विचारा. ऐकू येतं तिला."

"बरं," म्हणत हार्मनने आवाज चढवला. "बघा बाई, आत स्प्रिंग असते. ती गंजते."

आत स्प्रिंग नव्हतीच. कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या दोन इवल्या चौकटी होत्या, बटण वाकडं न होता खालीवर जावं म्हणून. मधोमध रबराची टोपी. ती दबली की खालचे दोन पातळ पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. बोट उचललं की टोपीच बटण वर ढकलते. एका चौकटीचा कोपरा खाचेतून सुटला होता, एवढंच. मला ट्रे घेऊन उभ्याउभ्या दिसलं ते ह्याला चष्मा लावून दिसेना.

त्याने तेलाची कुपी काढली. "दोन थेंब टाकतो. लोण्यासारखं चालेल."

मी ट्रे मध्येच ठेवला. "हार्मन, तेल पापुद्र्यांत गेलं तर बाकीची बटणंही जातील."

"तू कॉफीचं बघ गं."

तेवढ्यात रूलीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. यापने तो धरून ठेवला. तिने डाव्या हाताच्या नखाने कोपरा खाचेत सरकवला, वर बटण ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. टक् झालं.

हार्मनने लगेच नोंदवही उघडली. 'लॅपटॉप, दुरुस्त. दुरुस्ती : हा. वोल्टहाउस,' असं ठसठशीत लिहिलं.

रूलीने सावकाश एकेक अक्षर दाबलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. "ते नाव खोडा. माझं लिहा."

हार्मनने यापकडे पाहिलं. याप बिस्किट खात होता. मग हार्मनने माझ्याकडे पाहिलं, आणि मी कॉफीचं बघितलं.

त्याने पेन उचललं.