बर्फगाडीचे हवालदार

मारोती हवालदारांकडे कोणी नवी गाडी घेऊन आलं की ते आधी तिच्याभोवती एक चक्कर मारायचे, टाकीवरून कौतुकानं हात फिरवायचे आणि मग स्टँड काढून तिला सावकाश जमिनीवर आडवी करायचे. मालकाचा जीव वरखाली व्हायचा. हवालदार दोन पावलं मागं सरून हाताची घडी घालायचे आणि म्हणायचे, "उचला."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते हेच करताना. पालम तालुक्यातल्या त्या गावात उपकेंद्रावर नर्स म्हणून रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. माहेर वालूरचं, त्यामुळे काळ्या मातीचं मला अप्रूप नव्हतं. पण कोरी करकरीत मोटारसायकल हातानं मातीत निजवणारा माणूस मी पाहिला नव्हता. गाडी देशमुखांच्या धाकट्या मुलाची होती. मदतीला दोघं धावले तर हवालदारांनी त्यांना हातानंच थांबवलं. "तुमी लांब व्हा. रोज रानात ह्यांच्यासंगं जाणार हाव का?" धाकटे देशमुख तिसऱ्या झटक्याला गाडी उभी करू शकले. अंगाचं पाणी पाणी झालं होतं. मग हवालदारांनी शांतपणे विचारलं, "हं, आता बोला. काय बिघडलंय?" बिचाऱ्याची तक्रार एवढीच होती की हॉर्न वाजत नाही.

हवालदार म्हणजे मारोती वाव्हळे. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, सडपातळ, केस बारीक कापलेले, खाकी अर्धी चड्डी आणि वर पांढरी बनियन. बौद्ध वस्तीच्या तोंडाशी लिंबाखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक लाकडी पेटी. ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. गावात अधूनमधून बोलणं तुटायचं, पारावर दोन गट दोन बाजूंना बसायचे. वस्तीत पाणी प्यायला बिचकणारी माणसं गाडी बिघडली की मात्र लिंबाखाली यायची आणि हवालदारांनी सांगितलं की मुकाट गाडी उचलायची. मी एकदा त्यांना म्हटलं, "मामा, तुम्ही मुद्दाम करता हे." ते हसले. "न्हाई सिस्टर. मजा येती, ही गोष्ट येगळी."

त्यांची दुसरी ख्याती म्हणजे बर्फगाडी. लडाखकडच्या डोंगरात त्यांनी बर्फावर चालणारी गाडी चालवली होती, यावर गावातल्या निम्म्या लोकांचा विश्वास नव्हता आणि उरलेल्या निम्म्यांना ती गोष्ट रोज नव्यानं ऐकायची असायची. पुढं चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागं रुंद रबरी पट्टा, वर मोटारसायकलसारखं सीट आणि हँडल. "चाकंच न्हाईत तर पंक्चर कशाचं काढता?" असं कोणी विचारलं की ते न रागावता खडूनं जमिनीवर चित्र काढायचे. त्यांच्या तुकडीकडे अशा दोन गाड्या तपासायला आल्या होत्या, एक निळी आणि एक पिवळी. कुठली चांगली हे ठरवायचं काम हवालदारांकडे होतं.

निळी भारदस्त. कितीही थंडीत दोरीच्या पहिल्या हिसक्याला चालू व्हायची. हँडल आतून गरम राहायचं. मळलेल्या वाटेवर आगगाडीसारखी सरळ जायची. पिवळी हलकी आणि नखरेल. प्लग भिजला की रुसायची, वळणावर एक बाजू उचलायची, सगळं अंग आत झोकावं लागायचं. हे सांगताना हवालदार लिंबाखाली उकिडवे बसून असे एका अंगाला कलायचे की वाटावं, आता पडतात. "वाट मळलेली असली की समद्याच गाड्या गुणाच्या," ते म्हणायचे, "वाट संपली की खरा इम्तिहान." बर्फ आणि आपली काळी माती या दोन्हींचा स्वभाव एकच, असं त्यांचं ठाम मत होतं. दोन्ही वरून गरीब दिसतात, दोन्ही वजन बघतात आणि थांबलेल्याला आत घेतात.

पण निळी चांगली की पिवळी, हे विचारलं की ते पाना शोधायला उठायचे. हे माझ्या लक्षात आलं होतं. कारण विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं.

माझी अडचण वेगळी होती. उपकेंद्राच्या हद्दीत ओढ्यापलीकडे एक तांडा होता, सात किलोमीटरवर. उन्हाळ्यात मी बैलगाडीनं जायची. पावसाळ्यात गाडीवान नको म्हणायचे आणि चालत निघालं तर लशीच्या डब्यातला बर्फ दुपारपर्यंत पाणी होऊन जायचा. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात तिथं गोवर आला. लस माझ्याकडे होती, मी अलीकडच्या काठावर होते, आणि तांड्यावरची तीन मुलं गेली. त्यातल्या एका मुलीला मी तिच्या जन्माच्या दिवशी हातात घेतलं होतं. त्यानंतर पाऊस पडायला लागला की मला जेवण जायचं नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत गाडी घ्यायचीच, असं मी ठरवलं, पण खात्याची मंजुरी हातात यायला श्रावण उजाडला.

आता कुठली घ्यायची. आमचे हे पालमला शिक्षक. त्यांच्या मनात दणकट मोटारसायकल भरली होती. ती माझ्या नोकरीसाठी घ्यायची आणि रविवारी ह्यांनी चालवायची, असा साधा सरळ विचार होता. मला एक छोटी मोपेड दिसली होती, पायडलची, दिसायला अगदीच किरकोळ. ती पाहून हे म्हणाले, "चिखलात हे शिवणाचं मशीन काय करणार?" मी दोन्ही गाड्यांना लिंबाखाली नेऊन उभं केलं. त्या ओळखीच्यांकडून एका दिवसापुरत्या मागून आणल्या होत्या. श्रावणातली झड नुकतीच थांबली होती.

परीक्षा ओढ्याकडच्या पाणंदीत झाली. आमच्या ह्यांनी मोटारसायकल अशी काढली की बघायला आलेल्यांनी शिट्ट्या मारल्या. मोपेड वीस पावलांवर अडकली. हवालदार उकिडवे बसले, बोटानं चाक दाखवत म्हणाले, "चाकात काय खोट न्हाई. माती चाक अन् मडगार्डाच्या मधी बसायली." त्यांनी पुढचं मडगार्ड सोडवून वर बांधलं, माझ्या हातात एक खुरपं दिलं आणि मागं लशीच्या डब्याच्या वजनाएवढा दगड बांधला. मग ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आता तुमी समदे बांधापल्याड जा. गुर्जी, तुमीबी."

"मी कशाला?" हे म्हणाले.

"तुमी दिसलाव की त्यांना आधार वाटंल. तांड्याच्या वाटंवर तुमी नसणार."

सगळे गेले. हवालदारांनी दोन्ही गाड्या चिखलात आडव्या केल्या आणि स्वतःही पाठ फिरवून बांधापलीकडे निघून गेले. मी एकटी उरले. मोटारसायकल उचलायला मी खरंच जिवाचा आटापिटा केला. पदर खोचला, पाय रोवले, दोनदा गुडघ्यांवर पडले. ती हलली, उठली नाही. मोपेड पहिल्याच खेपेला उभी राहिली. मी तिच्यावर बसून बांधाशी आले तेव्हा तोंडापासून पायापर्यंत काळी झाले होते आणि आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी पुन्हा शिवणाच्या मशीनचा विषय काढला नाही.

त्या संध्याकाळी खुरपं परत द्यायला गेले तेव्हा हवालदार एकटेच होते. मी विचारलं, "मामा, निळी का पिवळी?" या वेळी ते उठले नाहीत.

"मी निळीला पास केलं, सिस्टर," ते म्हणाले. "धा दिवस तपासली. रुतली की आमी चौघं मिळून उचलायचो, हसत हसत. मी लिहून दिलं, निळी भरवशाची, एकट्याला पाठवायला चांगली. एकटा माणूस तिला उचलंल का, ह्ये मी बघितलंच न्हाई. चौघं व्हतो ना आमी." महिनाभरानं त्यांचा जोडीदार बलवंत पलीकडच्या चौकीवर औषधं पोचवून एकटाच परतत होता. वाटेवरून निळी घसरली, भुसभुशीत बर्फात बसली आणि त्याला ती एकट्याला निघेना. तो चालत आला. जीव वाचला, दोन्ही पायांची बोटं गेली. "दवाखान्यात त्याला बघाया गेलो न्हाई मी. मग निवृत्त झालो. सात वर्सं झाली. पत्राला कागद कैकदा काढला, नुसतं त्याचं नाव लिहून ठिवून दिला."  मी त्यांच्या पेटीवर बसून राहिले.

भादव्यात तांड्यावरून निरोप आला, दोन पोरांना ताप आणि अंगावर पुरळ. मी नव्या मोपेडला डबा बांधला आणि निघाले. ओढ्याच्या चढावर मोपेड माझ्यासकट पडली. आसपास चिटपाखरू नव्हतं. गुडघा फुटला होता आणि मला रडू आलं, हे कबूल करते. मग गाडी उचलली, सोबत घेतलेल्या खुरप्यानं माती काढली आणि पुढं गेले. डब्यातला बर्फ शाबूत होता. त्या दिवशी तांड्यावर एकेचाळीस मुलांना टोचलं. आजारी दोघंही बरी झाली, आणि त्या पावसाळ्यात आमच्या हद्दीत गोवरानं एकही मूल गेलं नाही. मुलं गेलेल्या त्या तीन घरांपैकी एका घरातल्या आईनं, जिची मुलगी मी जन्मताच हातात घेतली होती, तिनं थोरल्या मुलाला माझ्यासमोर धरलं आणि स्वतः दुसरीकडे बघत राहिली.

परतताना मी सरळ लिंबाखाली गेले. हवालदारांनी चिखल बघितला, गुडघा बघितला. "एकटीनं उचललीत?" मी मान हलवली. ते पत्र्याच्या आत गेले आणि बऱ्याच वेळानं कागद-पेन घेऊन आले. "तुमचं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो, तुमी लिवा. हिंदीत लिवा."

उत्तर पंधरा दिवसांत आलं आणि उत्तरामागोमाग दिवाळीनंतर बलवंत स्वतःच आला, डोंगरातल्या त्याच्या गावाहून तीन गाड्या बदलून. गोरापान, गलेलठ्ठ, काठी टेकत चालणारा आणि सतत हसणारा माणूस. हवालदार त्याच्यासमोर अटेन्शनमध्ये उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं एका दमात सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट आपला, चूक आपली. बलवंत ऐकत होता. मग गोंधळून हिंदीत म्हणाला, "कुठला रिपोर्ट? त्या सकाळी दोन्ही गाड्या उभ्या होत्या उस्ताद. कोणी काही सांगितलं नव्हतं. मी निळी घेतली कारण तिचं हँडल गरम असायचं."

हवालदार खाली बसले.  मग ते पुटपुटले, "तरी पिवळी न्यायला पायजे व्हती." बलवंत म्हणाला, "आणि तिचा प्लग भिजला असता तर?" तिथून जे भांडण सुरू झालं ते चार दिवस चाललं. जेवताना, चहाला, ओढ्यावर आंघोळीला, निळी आणि पिवळी, वळण आणि वजन. वस्तीतली आणि गावातली माणसं दोन पक्ष करून ऐकायला बसायची. देशमुखांचा धाकटा निळीच्या बाजूनं होता. पाचव्या दिवशी आम्ही बलवंतला पूर्णा स्टेशनवर सोडायला गेलो.

गाडी गेल्यावर हवालदार बाकावर बसून राहिले. मी म्हटलं, "चला मामा, पालमची बस चुकेल."

"त्याच्या पोरीचं लगीन झालं, सिस्टर. नातू झाला. सफरचंदाचा बाग लावला त्यानं," ते म्हणाले. "अन् मी सात वर्सं त्याला हितं, माझ्या डोक्यात, बर्फातच बसवून ठिवला." त्यांनी डोळे पुसले, बनियनवर घातलेल्या सदऱ्याची बटणं नीट केली आणि उठले. "होळीला बोलावलंय. जायलोय मी."