शॉक देणारा नळ

मुलुंडला आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, तेव्हा गीझर चालू असला की बाथरूमच्या नळाला हात लावताच शॉक बसायचा. घरमालक वरच्याच मजल्यावर राहायचे. मी सांगायला गेले की म्हणायचे, "बघतो गं, एवढी काय घाई? तोपर्यंत रबरी चप्पल घालून आंघोळ करा ना."

एका सकाळी माझी आई त्या नळापाशी कोसळली. सुदैवाने ती वाचली, पण तिचा हात कितीतरी वेळ बधिर होता. डॉक्टरांकडून आणून तिला झोपवलं आणि मी तडक वर गेले. मालक चहा पीत बसले होते.

"काका, आत्ताच्या आत्ता खाली चला."

ते कुरकुरत आले. मी गीझर चालू केला, बाथरूमचं दार उघडलं आणि म्हटलं, "चप्पल काढा आणि नळ सोडा."

ते दारातच थबकले. "वेडी आहेस का? मला काही झालं तर?"

"माझ्या आईला झालं त्याचं काय?" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारणी बाहेर आल्या. सगळ्यांसमोर मालकांनी मुकाट्याने इलेक्ट्रिशियनला फोन लावला. दुपारपर्यंत नवा गीझर बसला, अर्थिंगही नीट झालं.

जाताना ते आईला म्हणाले, "आधीच नीट सांगायचं ना."

इतके महिने मी त्यांच्या दारात उभी राहून दुसरं काय करत होते? ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.