एकशे बारा नंबरचा बिल्ला

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत ज्या तपासांबद्दल शाबासकी मिळाली ते सांगायला सोपे आहेत. हा सांगायला मी फार वर्षं लावली, आणि नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही.

तेव्हा मी गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. घाटात रेल्वेच्या एका लांबलचक बोगद्याचं काम चालू होतं आणि ते करणाऱ्या कंपनीचं कार्यालय आमच्या हद्दीत, परळला होतं. एका दुपारी कंपनीचे इंजिनिअर टाइप केलेली फिर्याद घेऊन आले. असा बोगदा डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदत आणतात. दोन्ही तोंडं मध्ये एका रेषेत भेटावीत म्हणून सतत मोजणी करावी लागते. त्या मोजणीचं महागडं यंत्र आणि त्याचा तीन पायांचा स्टँड आदल्या संध्याकाळपासून गायब होता. सोबत मोजणीचा एक मदतनीसही गायब होता. त्याचं घर काळाचौकीला होतं.

"एक दिवस काम थांबलं तर काय खर्च होतो, तुम्हाला कल्पना नाही," इंजिनिअर म्हणाले. "पंखे चालूच ठेवावे लागतात, पाणी उपसावंच लागतं. त्यात हे चोर."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वडील गिरणीत होते. सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या माणसासमोर मी खुर्चीत जरा सावरूनच बसत असे. गुन्हा नोंदवून घेतला आणि संध्याकाळी मदतनीसाच्या बायकोला ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी होती.

बाई रडली नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"साहेबांनू, त्येंनी बिल्लो घेतलोच नाय. ते आतच आसत."

"कसला बिल्ला?"

तिने समजावून सांगितलं. बोगद्याच्या तोंडाशी फळा असतो. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा बिल्ला त्यावर टांगायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावत नाही. फळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे, आणि तोवर सुरुंग उडवायचा नाही. नवरा रोज पाळी संपली की तिला फोन करायचा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, बिल्ला घेतला म्हणून. काल तो फोन आलाच नव्हता.

मला ते पढवलेलं उत्तर वाटलं. शिवाय तिची मालवणी. माझी आईही तशीच बोलायची. ठाण्यात मात्र मी ती भाषा येत नसल्यासारखा वागत असे. मी म्हणालो, "बाई, तुमचा नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला असेल." ती उठून निघून गेली. स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'उपयुक्त माहिती मिळाली नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी खबऱ्याने बातमी आणली. तिचा दीर शिवडीच्या गोदामात कामाला होता. तीन पायांचं काहीतरी गोणपाटात गुंडाळून नेताना तो दिसला होता. मी त्याला उचलून आणलं.

"फोकसचा स्टँड आहे साहेब, मंडळाचा. गणपतीत लावतो तो."

"मग गोणपाटात का गुंडाळलास?"

"रंग ओला होता ना. हात लावला तर सगळा हाताला. मंडळात विचारा, अर्धी चाळ आहे तिथे."

मी विचारलं नाही. त्याच्या कानाखाली मारली. तो म्हणाला, "मारा, पण आधी बोगद्यावर फोन करा कोणीतरी. वहिनी काय बोलते ते ऐका." मी त्याला रात्रभर बसवून ठेवलं. सकाळी हवालदार मंडळात जाऊन आला. स्टँड फोकसचाच होता, ताज्या रंगाचा. दिराला सोडलं आणि पुरावा गोळा करायला मी बोगद्यावर गेलो. तेव्हाही मी चोरच शोधत होतो.

पंचनाम्यात सगळं लिहायचं म्हणून फळ्याजवळ उभा राहिलो. मदतनीसाचा नंबर एकशे बारा. तो बिल्ला आता एका नव्या मजुराच्या हातात होता. तेव्हा कुठे मला बाईचं बोलणं आठवलं. माणूस यंत्र घेऊन पळाला, तर बिल्ला इथे कसा?

"हा कधी मिळाला तुला?"

"परवा सकाळी. बाबूने दिला."

"कुठून काढून?"

त्याने फळ्याकडे बोट दाखवलं. "इथूनच. टांगलेला होता."

हजेरी लिहिणाऱ्या टाइमबाबूला बाजूला घेतलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या संध्याकाळी बाजूच्या आडव्या बोगद्यात दरड कोसळली होती. आत कोणी नाही असं धरून इंजिनिअरने दगडांवर सिमेंटचा फवारा मारून तोंड बंद करायला लावलं. सकाळी फळ्यावर एक बिल्ला दिसला. तो तसाच ठेवला असता तर काम थांबवून दगड उपसावे लागले असते. म्हणून बिल्ला काढला, आणि माणूस व यंत्र यांचा हिशोब लावायला चोरीची फिर्याद केली.

तोंड फोडायला दुसरा दिवस उजाडला. मदतनीस भिंतीला टेकून बसला होता. यंत्र शेजारी, स्वतःचा शर्ट काढून त्यात गुंडाळलेलं. हवेची नळी दगडांखाली चेपली होती, तरी तिच्यातून थोडी हवा येत होती. डॉक्टरांच्या मते दरड कोसळल्यावर तो किमान दीड दिवस जिवंत होता.

बायकोने रुग्णालयाच्या व्हरांड्यात मला गाठलं. "मी तुमका सांगितलंय, तेव्हा ते जिते होते?"

मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही."

इंजिनिअर आणि टाइमबाबूवर खटला चालला. माझं वरिष्ठांनी कौतुक केलं आणि मी ते घेतलं. बोगदा पुरा झाला. आता त्यातून गाड्या जातात, काही मिनिटांत पलीकडे.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. समोरचा माणूस खोटं बोलतोय का, एवढंच मी आयुष्यभर तपासत आलो. कोणाचं बोलणं मी ऐकायच्या आधीच खोटं ठरवून टाकतो, हे कधी तपासलं नाही. फिर्यादीच्या कागदावर कंपनीचा शिक्का होता, म्हणून मला तो खरा वाटला. बाई माझ्या आईसारखी बोलत होती, म्हणून तिचं बोलणं हलकं वाटलं. मला लाज तिची वाटत होती की स्वतःची, हे आजही सांगता येत नाही.

हे छापायला देण्याआधी मी काळाचौकीला गेलो. त्या आता डब्यांच्या चपात्या करतात. मी दारातच उभा राहून म्हणालो, "तुम्ही सांगितलंत तेव्हा ते जिवंत होते. व्हरांड्यात विचारलंत तेव्हाच मला ते माहीत होतं."

त्यांनी तव्यावरची चपाती उलटली.

"डॉक्टराचो कागद दिरान तेव्हाच वाचून दाखवल्यान," त्या म्हणाल्या. "तुमी कधी सांगतास, ता बघीत होतंय."