फिटरवाले सर

नाशिकला आयटीआयत होतो तेव्हा आम्ही त्यांना नुसतं ‘फिटरवाले सर’ म्हणायचो. त्यांनी मात्र पहिल्या आठवड्यातच आम्हा सगळ्यांची नावं, गावं पाठ केली होती. मी घासलेल्या लोखंडावर अंगठा फिरवून ते म्हणायचे, “भामरे, सटाण्याहून उपाशीच आलास ना? कानस थरथरलीय बघ तुझी.” मग स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवायचे.

एकदा ते आठवडाभर आलेच नाहीत. मग एका सकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला, कुणाच्या तरी निधनामुळे सुट्टी. नाव ओळखीचं वाटलं नाही. आम्ही शिट्ट्या मारत पिक्चरला गेलो.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सरांचा हार घातलेला फोटो होता. खाली कालचंच नाव लिहिलं होतं.