विहीणबाईंची भाषा

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता. आमच्या समोर दुसरं इस्त्रीचं दुकान निघालं तेव्हाही ती म्हणाली, निघू दे, चार कॉलरी जाळतील आणि गिऱ्हाईक आपल्याकडेच येईल. पण नातू झाला आणि विहीणबाई तिच्या डोळ्यांत सलायला लागल्या.

विहीणबाई मूळच्या इस्रायलच्या, त्यांची भाषा हिब्रू. सून कामावर जाताना पोराला आपल्या आईकडे सोडायची. आम्ही दोघी बहिणी दिवसभर दुकानात, त्यामुळे ताईच्या वाट्याला फक्त दुकानाच्या सुट्टीचा वार. ते तीन वर्षांचं पोर हिब्रूत चुरूचुरू बोलायचं, तिकडच्या आजीला ‘साव्ता’ म्हणायचं आणि ताईकडे आलं की मुकं व्हायचं. मग ताईनं ठरवलं, हिब्रू शिकायची. त्या बाईला येते म्हणजे काही फार अवघड नसणार, असं तिचं मत.

सुनेला मराठी चांगली येते. सकाळी दुकानावरून जाताना ती एक शब्द देऊन जायची आणि ताई तो दिवसभर इस्त्रीखाली घोटायची, कॉलरला एकदा, प्रत्येक बाहीला एकदा. गिऱ्हाइकं चक्रावायची. नुसता शब्द मात्र तिला पुरायचा नाही, शब्दशः काय ते सांग म्हणून हटून बसायची. ‘मा निश्मा’ म्हणजे कसं काय, आणि शब्दशः ‘काय ऐकू येतंय?’ आम्हाला बरंच काही ऐकू येतं म्हणावं, ताई पुटपुटली. ‘बेसेदेर’ म्हणजे ठीक आहे, शब्दशः ‘क्रमात’. हा तिला आवडला, घड्या रचताना म्हणायला सोयीचा. पण ‘बोकेर तोव’ला उत्तर ‘बोकेर ओर’, हे काही तिला पटलं नाही. आपण ‘चांगली सकाळ’ म्हणायचं आणि विहीणबाईंनी ‘उजेडाची सकाळ’ म्हणून वर कडी करायची, हा तिच्या मते त्या बाईचाच कावा. मी म्हटलं, अगं, त्यांच्यात सगळेच तसं म्हणतात. त्यावर ताईनं माझ्याशी अबोला धरला.

नवा कपडा घातलेल्या मुलाला ‘तित्खादेश’ म्हणतात, शब्दशः ‘नवा हो’, हे कळल्यावर तर कहरच झाला. म्हणायची संधी मिळावी म्हणून ताई दर भेटीला नवा सदरा आणायला लागली. शेवटी सुनेनं हात जोडले, कपाटात जागा उरली नाही म्हणून. पोर सदऱ्यावर खूश व्हायचं, पण मांडीवर काही यायचं नाही.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी त्याला ताप चढला. ताईचा मुलगा, सून दोघंही कामावर. ताईनं औषध पाजलं, कपाळावर ओली घडी ठेवली, कुशीत घेतलं. ते तिच्या हातांतून निसटत रडायला लागलं, “आनी रोत्से एत साव्ता.”

मला काही कळलं नाही, पण ताईचा चेहरा पडला.

“काय म्हणतोय गं?”

“मला साव्ता हवी, म्हणतोय.”

कुणी अर्थ न सांगता तिला कळलेलं हे पहिलं अख्खं वाक्य. भाषा शिकली नसती तर ती खुशाल थोपटत बसली असती. आताही कळलं नाही असं दाखवलं असतं तरी तिला कोण विचारणार होतं? तिच्याही मनात तेच आलं असावं, मी ओळखते तिला. मग तिनं फोन उचलला आणि मोडकंतोडकं जुळवून विहीणबाईंना म्हणाली, “बोई. हू रोत्से ओताख.” ये, त्याला तू हवी आहेस.

विहीणबाई घरातल्या सपाता घालूनच धावत आल्या. पोर त्यांच्या खांद्यावर गेलं आणि गप्प झालं. त्यांनी ताईचा दंड घट्ट धरला आणि म्हणाल्या, “कोल हकावोद.” त्यांचे डोळे भरून आले होते.

ताईनं तिथल्या तिथं सुनेला फोन लावला. ताप सांगितला, साव्ता आल्याचं सांगितलं, मग त्या शब्दांचा अर्थ विचारला. सून म्हणाली, शाबास. ताई म्हणाली, शब्दशः सांग. शब्दशः ‘सगळा मान’.

तिनं फोन ठेवला. विहीणबाईंच्या खांद्यावर पोर झोपून गेलं होतं.

“सगळा मान मला दिला म्हणे,” ताई मला म्हणाली. “मानाला काय मांडीवर झोपवू?”